हशाची शिल्लक

दादरा येथील मराठी मंडळींच्या गेल्या गणेशोत्सवात एका मुलाने आम्हा सर्वांना पोट धरून हसविले. मुलगा बारावीत शिकणारा. वडील सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर कामाला, आई घरी शिवणकाम करणारी. मंचावर ना पडदा, ना रंगभूषा, ना पेटी-तबला. ध्वनिक्षेपक हाती घेऊन तो उभा राहिला आणि आठ-दहा मिनिटे एकटाच बोलत राहिला.

विषय अगदी घरचा होता. साताऱ्याकडून नव्याने दादऱ्यात आलेली एक सून दुकानात जाते आणि गुजराती दुकानदाराकडे साखर मागते. तो तिला खडीसाखर बांधून देतो. कारण गुजरातीत ‘साकर’ म्हणजे खडीसाखर, आणि आपण जिला साखर म्हणतो तिला तेथे ‘खांड’ म्हणतात. घरी सासऱ्यांचा चहा कपात निवून जातो, पण खडा काही विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी ती ‘भाजी’ मागते, तेव्हा तिच्या पिशवीत नुसता पालापाचोळा येतो. कारण तेथे ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी, बाकी सगळे ‘शाक’. सासूबाई, दुकानदार, सून आणि कपाच्या तळाशी बसलेला तो खडा, अशी चार पात्रे त्या मुलाने एका जागी उभे राहून वठविली. आमच्या शेजारी बसलेल्या एका आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या, “अगोबाई, ही तर माझीच गोष्ट!” त्याच्या कार्यक्रमाच्या शेवटच्या दोन मिनिटांत मात्र निराळेच काही घडले. त्याविषयी पुढे लिहू.

कार्यक्रम संपल्यावर जो तो एकच म्हणत होता, “याला टीव्हीवर पाठवा!”

डिसेंबर महिन्यात त्या मुलाची आई आमच्या घरी आली. “भाऊ,” ती म्हणाली, “हा म्हणतो, परीक्षा झाली की मुंबईला जातो आणि ऑडिशन देतो. पुढचं कॉलेज नकोच म्हणतो. हे तर त्याच्याशी बोलायचेच थांबले आहेत. तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच सांगा, पाठवू की नको?”

त्या वेळी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. ‘पाठवा’ म्हणणे उथळ ठरले असते आणि ‘पाठवू नका’ म्हणणे दुष्टपणाचे. म्हणून आम्ही विचार करण्यास अवधी मागून घेतला. अशी मुले आणि असे आईबाप केवळ दादऱ्यातच नाहीत. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, जेथे जेथे आपली माणसे आहेत तेथे तेथे हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या घरात उभा आहे. तेव्हा त्या माउलीला द्यावयाचे उत्तर येथे सर्वांच्या समोर मांडीत आहोत.

हिंगणघाटचा मुलगा

एकट्याने उभे राहून लोकांना हसविणारा तरुण दूरचित्रवाणीच्या बळावर एका हंगामात देशभर ठाऊक होतो, ही गोष्ट आज नवलाची वाटत नाही. परंतु २००५ साली ती नवलाचीच होती. त्या वर्षी स्टार वन या हिंदी वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ नावाची स्पर्धा सुरू झाली. शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू हे परीक्षक होते. त्या पहिल्या पर्वाचा विजेता ठरला आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा सुनील पाल.

त्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते. चंद्रपूरला कॉलेजात असताना मुलगा शिक्षकांच्या नकला करी. पुढे कुटुंब मुंबईस आले, तेव्हा काही काळ त्याने चहाच्या दुकानात काम केले. नकला करणाऱ्या मुलाला मुंबईत कोणी पायघड्या घालीत नाही. लहानमोठ्या कार्यक्रमांत दोन गाण्यांच्या मधली जागा भरून काढण्याचे काम त्याच्या वाट्याला येते. अशा मुलाला २००५ साली आपले हक्काचे काही क्षण मिळाले, आणि त्याने ‘रतन नूरा’ हा दारुडा उभा केला. जीभ जड झालेला, तोल सांभाळणारा आणि तरीही जगाला शहाणपणा शिकविणारा हा गृहस्थ घरोघरी पोहोचला. वर्षानुवर्षे मुंबईत खस्ता खाऊनही जे नाव कोणाला ठाऊक नव्हते, ते काही आठवड्यांत पोराबाळांच्या तोंडी झाले.

त्याच पर्वात अहसान कुरेशी दुसरा आला आणि कानपूरचा राजू श्रीवास्तव तिसरा. परंतु पुढे राजू श्रीवास्तवचे नाव पहिल्या क्रमांकाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक गाजले. त्याच स्पर्धेतून निघालेल्या पुढच्या कार्यक्रमात तो ‘किंग ऑफ कॉमेडी’ ठरला, आणि त्याचा ‘गजोधर’ लोकांच्या घरचाच माणूस होऊन बसला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. याच स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात, २००७ साली, अमृतसरचा कपिल शर्मा जिंकला. आणि याच स्पर्धेच्या मंचावर उभे राहिलेले भगवंत मान २०२२ साली पंजाबचे मुख्यमंत्री झाले. ती स्टार वन वाहिनी मात्र २०११ सालीच बंद पडली. मंच गेला, माणसे राहिली.

कोण मोठा आणि कोण लहान, हे ठरविण्याचा आमचा हेतू नाही. तथापि तिसरा आलेला माणूस इतका दीर्घकाळ कसा टिकला, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याचे एक कारण उघड आहे. राजू श्रीवास्तव २००५ साली नवशिका नव्हता. वडील ‘बलई काका’ या नावाने कविता करीत. घरातच शब्दांचा वावर. तो स्वतः १९८० च्या दशकापासून मंचावर नकला करीत होता, त्याच्या विनोदाच्या ध्वनिफिती निघत होत्या, ‘तेजाब’ (१९८८) आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९) यांसारख्या चित्रपटांत त्याने बारीकसारीक कामे केली होती. दूरचित्रवाणीच्या दारात तो उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीशी सुमारे वीस वर्षांची शिल्लक होती. लोकांना तो एका रात्रीत प्रसिद्ध झालेला दिसला. परंतु त्याच्या खात्यात जमा मात्र फार पूर्वीपासून पडत होती.

तीन तासांचे भांडवल

येथे थोडा हिशेब मांडू. समजा, एखाद्या स्पर्धेत कलावंताला दर आठवड्यास पाच मिनिटे बोलावयाचे आहे, आणि स्पर्धा तीस आठवडे चालते. म्हणजे दीडशे मिनिटांचा, अडीच तासांचा, अगदी नवा मजकूर झाला. एकदा सांगितलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात चालत नाही, कारण ती कोट्यवधी लोकांनी एकाच रात्री ऐकलेली असते. गवयाला तोच राग पुन्हा आळविता येतो. किंबहुना लोक तोच मागतात. विनोद सांगणाऱ्याची ‘पुढे काय’ ही पुंजी एकदा उघडी पडली की संपते. आता तर कार्यक्रम संपण्यापूर्वीच त्याचे तुकडे मोबाईलवर फिरू लागतात.

याउलट आपल्या मराठी मंचाची रीत पाहा. लक्ष्मण देशपांडे हे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नाट्यशास्त्राचे प्राध्यापक. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग १९७९ साली सुरू झाला. सुमारे तीन तास एकटा माणूस, आणि त्याच्या मुखातून उभी राहणारी बावन्न पात्रे! मराठवाड्याच्या खेड्यातील मंडळी लग्नाच्या निमित्ताने विमानात बसून लंडनला निघतात, एवढेच कथानक. या एका प्रयोगावर देशपांड्यांनी तीस वर्षे काढली आणि दोन हजारांहून अधिक वेळा तो सादर केला. लोक गोष्ट ठाऊक असताना पुन्हा पुन्हा येत, मुलांना घेऊन येत. २००९ साली देशपांडे गेले. परंतु वऱ्हाड थांबले नाही. संदीप पाठक या अभिनेत्याने पुढे तोच प्रयोग आपल्या अंगावर घेतला. तीन तासांचे भांडवल त्याच्या मालकाच्या पश्चातही व्याज देत राहिले, हे केवढे नवल!

त्याही आधीचे उदाहरण पु. ल. देशपांड्यांचे. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली आले, आणि १९६१ साली पु. लं.नी एकट्याने चाळ रंगमंचावर उभी केली. प्रयोगापूर्वी तीन वर्षे ती कागदावर मुरलेली होती. दादा कोंडक्यांची तऱ्हा आणखी निराळी. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात ठाव पक्का होता, परंतु दादा दर प्रयोगाला त्यात त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातील घडामोडींची फोडणी घालीत. भात तोच, फोडणी मात्र रोजची ताजी. त्याच खेळाने त्यांना चित्रपटाचे दार उघडून दिले आणि १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला.

या तिघांच्या रीती भिन्न. परंतु एक गोष्ट समान आहे. मंचावर एखादे वाक्य पडले, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी ते बदलता येते. नांदेडला हशा मिळाला आणि पुण्याला मिळाला नाही, तर का नाही, याचा विचार करण्यास रात्रीचा प्रवास हाताशी असतो. शंभर प्रयोगांनंतर जे वाक्य उरते, ते निकषावर घासून उतरलेले असते. दूरचित्रवाणीला हा अवकाश ठाऊक नाही. तिथे पहिलाच प्रयोग शेवटचा असतो. म्हणून आम्ही असे म्हणतो, की मंच कलावंताच्या खात्यात जमा करतो आणि दूरचित्रवाणी त्यातून काढते. काढण्याला आमची हरकत नाही. मिळविलेले पैसे मनुष्य खर्चासाठीच मिळवितो. परंतु खाते रिकामे असताना जो पेढीच्या खिडकीपाशी उभा राहतो, त्याचे पुढे काय व्हावे?

थुकरटवाडीचे पंचमंडळ

दूरचित्रवाणीच्या मंडळींनाही ही अडचण ओळखू आली नाही, असे नाही. मराठी वाहिन्यांनी तर तिच्यावर आपल्या परीने तोड काढली. झी मराठीवर ‘हास्यसम्राट’ ही एकेकट्यांची स्पर्धा होऊन गेली, नंतर जोड्यांचे ‘फू बाई फू’ आले. आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले. त्यात एकट्याने किल्ला लढविण्याची पाळी कोणावरच नव्हती. थुकरटवाडी नावाचे एक कल्पित गाव होते आणि त्या गावात सगळे मिळून राहत होते. निलेश साबळे सूत्रे हलवीत, भारत गणेशपुरे आपली वऱ्हाडी बोली घेऊन येत, कुशल बद्रिके आणि श्रेया बुगडे रूपे पालटीत. हसून हसून थकलेल्या प्रेक्षकांसमोर सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात येऊन पत्र वाचीत, ते पत्र अरविंद जगताप यांनी लिहिलेले असे; आणि आतापर्यंत हसणारी माणसे डोळ्यांना पदर लावीत. अभिनेता निराळा, लेखक निराळा, आणि ओझे वाटून घेतलेले. २०१४ ते २०२४ अशी जवळजवळ दहा वर्षे ते चालले, याचे रहस्य आमच्या मते या वाटणीत आहे.

त्यातील भाऊ कदमांची कथा त्या मुलाने अवश्य ऐकावी. बालपण वडाळ्याला बंदराच्या कामगार-वसाहतीत गेले. वडील वारल्यावर कुटुंब डोंबिवलीस आले आणि भावांनी पानाची टपरी चालविली. त्या काळात नाटकांतील कामे चालूच होती. वर्षानुवर्षे लहानमोठ्या भूमिका केल्यावर ‘फू बाई फू’ने त्यांना घरोघरी पोहोचविले, आणि तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. त्यांच्या चेहऱ्यावरची ती गोंधळलेली निरागसता पाहून आपल्याला वाटते, की हा माणूस काहीच करीत नाही, नुसता उभा आहे. नुसते उभे राहून हशा मिळविण्यासाठी किती वर्षे नाटकाच्या विंगेत उभे राहावे लागते, ते विंगेतल्या माणसालाच ठाऊक.

सोनी मराठी ही वाहिनी २०१८ साली सुरू झाली आणि तिच्यावर सचिन गोस्वामी व सचिन मोटे यांनी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मांडली. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर ही मंडळी नुसती अभिनय करीत नाहीत, तर लिहितातही. याच जत्रेतून पवईच्या फिल्टरपाड्यातला गौरव मोरे पुढे आला. वस्तीचे नाव लपविण्याऐवजी त्याने ते मिरविले, आणि लोक त्याला ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणू लागले. २०२४ साली तो हिंदी कार्यक्रमातही गेला. आपण कोठून आलो, हे न लपविण्यात केवढे बळ आहे, हे आमच्या सारख्या सीमेवरच्या माणसांनी त्याच्याकडून शिकावे.

घरात शिरलेला नकलाकार

आता त्या मुलाच्या डोक्यात जे नाव आहे, त्याकडे वळतो. प्रणित मोरे हा मुंबईचा तरुण. आधी खासगी रेडिओवर निवेदक, मग नुसता ध्वनिक्षेपक घेऊन सभागृहांत बोलणारा. या प्रकारास हल्ली ‘स्टँड-अप’ म्हणतात. मराठीतूनही तो आता चांगलाच रुजला आहे. २०१६ साली सारंग साठ्ये प्रभृतींनी काढलेल्या ‘भाडिपा’ने त्याला शहरी तरुणांत हातभार लावला. प्रणित मोरे ऑगस्ट २०२५ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’च्या एकोणिसाव्या पर्वात गेला, आणि ७ डिसेंबरला अंतिम फेरी झाली तेव्हा तिसरा आला. त्या मुलाची आई आमच्याकडे आली, ती त्यानंतरच्याच आठवड्यात.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. २००५ साली सुनील पालला आपले विनोद घेऊन दूरचित्रवाणीत जावे लागले. २०२५ साली प्रणित मोरेला स्वतःलाच तेथे राहावयास जावे लागले. उठणे, बसणे, जेवणे, रागावणे, आजारी पडणे हे सारेच प्रेक्षकांसमोर. आता विनोदच नव्हे, तर मनुष्यही खर्ची पडतो. तरीही तो टिकला. कारण सभागृहांत अनोळखी माणसांना एकट्याने तोंड देण्याची त्याची तालीम आधीच झालेली होती.

या धंद्याची दुसरी बाजूही त्याच वर्षी दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापुरात त्याचा कार्यक्रम संपल्यावर काही जणांनी त्याला मारहाण केली. निमित्त काय, तर एका नव्या चित्रपट-अभिनेत्यावर केलेला विनोद. एका वाक्यासाठी एकट्या माणसावर हात उगारणाऱ्यांचा निषेधच केला पाहिजे. तथापि आपल्या मुलाला या वाटेने पाठविणाऱ्या आईबापांनी हेही जाणून असावे, की हशा आणि राग एकाच खोलीत बसलेले असतात.

शेवटची दोन मिनिटे

आता त्या राहून गेलेल्या दोन मिनिटांविषयी. साखरेच्या गोष्टीनंतर त्या मुलाने एक वारली मजूर उभा केला. त्याची बोली, चालण्याची ढब, बाजारात हिशेब करताना होणारी त्याची तारांबळ. सर्वांत मोठा हशा त्यालाच मिळाला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. मग आमचे लक्ष मांडवाच्या कडेला गेले. तेथे खुर्च्या लावण्यासाठी बोलाविलेल्या दोन वारली बाया उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या आणि रागावलेल्याही दिसत नव्हत्या. कार्यक्रम संपण्याची वाट पाहत त्या नुसत्या समोर बघत होत्या. आमचे हसू तेथेच अर्धवट राहिले.

ही भूमी मुळात त्यांची आहे. दादरा, डेमनी आणि तिघरा या तीन गावांचा आमचा चिमुकला टापू वापीहून सिल्वासाकडे जाताना वाटेत लागतो. पोर्तुगीज येथे मराठेशाहीच्या उतरत्या काळात आले. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा त्यांच्या हातून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखा गाण्यातला माणूस स्वतः उतरला होता, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. परंतु पोर्तुगीज येण्यापूर्वीही वारली येथे होते आणि कारखाने आल्यावर आम्ही आलो तेव्हाही होते. त्यांच्या बोलीत आमच्या मराठीचे कितीतरी शब्द नांदत आहेत. आपण त्यांच्या अंगणात येऊन राहिलो आणि मंचावरून त्यांनाच हसतो, हे काही बरे नव्हे.

दारुडा, चाळकरी, लंडनला निघालेले वऱ्हाडी, थुकरटवाडीचे गावकरी ही सगळी सांगणाऱ्याच्या घरची माणसे. साखरेच्या गोष्टीतही तो मुलगा स्वतःच्या आईला, आजीला आणि शेजारच्या दुकानदाराला हसत होता. म्हणून ती गोष्ट पुन्हा ऐकावीशी वाटते. वारली मजुराची नक्कल पुन्हा ऐकावीशी वाटत नाही. जो विनोद माणसाला परका करतो, त्याचा हशा मोठा असला तरी तो शिलकेत पडत नाही.

आणि त्या मुलाजवळ शिल्लक किती आहे, याची त्याला स्वतःलाच कल्पना नाही! सकाळी घरी मराठी, दुकानात गुजराती, वडिलांच्या कारखान्यात बिहार-उत्तर प्रदेशाकडची हिंदी, बाजाराच्या दिवशी वारली आणि कोकणी बोली. शिवाय दमणकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून अडकलेले पोर्तुगीज शब्द. २०२० सालापासून तर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचा कारभारही एक झाला आहे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांच्या मराठीला आपण नेहमी नावे ठेवतो. परंतु चार बोलींतून दिवस काढल्याने त्यांचा कान जो तयार होतो, तो पुण्या-मुंबईच्या मुलाला सहसा मिळत नाही. हिंगणघाटच्या मुलाचा कान असाच मराठी-हिंदीच्या सरमिसळीत तयार झाला असला पाहिजे. एका भाषेतला गोड शब्द दुसऱ्या भाषेत दगडासारखा विरघळत नाही, हे ज्याला साखरेच्या पुड्यातून दिसले, त्याच्यासाठी या टापूत बटाट्याच्या चाळीएवढा मजकूर पडून आहे.

त्या माउलीस उत्तर

तेव्हा बाई, आमचे उत्तर हे असे. मुलाला अडवू नका. परंतु घाईने धाडूही नका. दहा मिनिटांची पुंजी घेऊन तो मुंबईस गेला, तर ती पहिल्या दोन आठवड्यांत संपेल आणि मग तो मिळेल ते बोलू लागेल. वारली मजूर हा त्याचाच मासला होता. त्याने आधी दीड तास तयार करावा. कॉलेज सोडण्याची गरज नाही, कारण कॉलेज हेच त्याचे सभागृह आहे. बडोदे, सुरत, वलसाड, नाशिक, पालघर, जेथे जेथे मराठी मंडळे असतील तेथे तेथे त्याने तीच साखरेची गोष्ट सांगावी, वीस वेळा, पन्नास वेळा. कोठे हशा आला आणि कोठे नाही, ते वहीत टिपावे. त्याच्या वडिलांनाही आमचे एक सांगणे आहे. तुम्ही बोलणे टाकले आहे, पण तुमच्या कारखान्यातील रात्रपाळीच्या गोष्टी त्याला तुमच्यावाचून कोण सांगणार? त्या त्याच्या भांडवलाचा अर्धा हिस्सा आहेत. पदवी हाती येईतो एवढी तालीम झाली, तर तो खुशाल ऑडिशनला जावो. निवड झाली तर तिथे देण्याजोगे त्याच्यापाशी काही असेल, आणि नाही झाली तर परत येताना हात रिकामे नसतील.

हे सारे आम्ही त्या घरी जाऊन सांगितले. आईला पटले, वडील गप्प बसून ऐकत होते. मुलगा मात्र नाराज झाला. “काका, तोपर्यंत दुसरं कोणीतरी पुढे जाईल,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. या क्षेत्रात वय आणि वेळ यांनाही किंमत असते. आमचा सल्ला चुकीचा ठरण्याचा संभव आहे, हे आम्ही त्याला मोकळेपणी सांगितले. त्याने निर्णय दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही.

यंदाच्या पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात तो पुन्हा उभा राहिला. साखरेचीच गोष्ट होती. पण आता ती वाढली होती. या वेळी त्या सुनेला कारखान्याच्या दारावरचा भोजपुरी बोलणारा पहारेकरी भेटला, आणि सासरे रात्रपाळीवरून येऊन तोच निवलेला चहा पिताना दिसले. हे सासरे हुबेहूब त्याच्या वडिलांसारखे खाकरत होते. वडील तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. वारली मजूर कोठे आला नाही. गोष्ट ठाऊक असलेली मंडळी खडीसाखरेचे नाव येण्याच्या आधीच हसू लागली, तेव्हा मुलगा क्षणभर थांबला, त्याने सर्वांकडे पाहिले आणि तो थांबूनच राहिला. ती जागा त्याला गेल्या खेपेस ठाऊक नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुकानाचे गुजराती मालकही या वेळी मुद्दाम आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मुलाच्या हातात कागदाचा एक पुडा ठेवला. त्यात पावशेर खडीसाखर होती.